बारावा घोडेस्वार

ऑटली,
११ फेब्रुवारी

प्रिय ॲलेक,

तुझी तब्येत ठीक असेल असं मी धरून चालते, कारण विचारलं तर तू "आहे" एवढंच लिहिशील. आम्ही बरे आहोत. नेव्हिलचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा नेव्हिल जास्त कुरकुरतो. ख्रिसमसचं कार्ड पोचलं. पाकिटावर फक्त माझं नाव होतं, तेही पाहिलं.

पत्राचं कारण असं की मी अडकले आहे. पुलाजवळ ब्रायनीचं खेळांचं दुकान आहे ना, तिथे पंधरा मार्चला, शनिवारी, सगळ्या गावासाठी खेळांचा दिवस ठरलाय. ज्याला यायचं त्याने यावं, टेबलाशी बसावं, पत्ते, फासे, पट, जे हाताला लागेल ते खेळावं. कल्पना चांगली आहे, माझं काही म्हणणं नाही. जानेवारीत ब्रायनी मला म्हणाली, "ग्लेनिस, तुम्ही फक्त केकचं बघाल का?" मी हो म्हटलं. आज माझ्याकडे दुकानाची किल्ली आहे, घडीची अकरा टेबलं कुठून तरी मागून आणायची आहेत, चर्चमधून चहाचं मोठं भांडं आणायचं आहे, आणि तळघरात फासे टाकून खेळातले राक्षस मारत बसणाऱ्या पोरांनी किती मोठ्याने ओरडावं हेसुद्धा मीच ठरवायचं आहे.

त्यात ट्रेव्हर. तुमच्या खेळांच्या क्लबचा सेक्रेटरी म्हणून तू त्याला ओळखायचास, तो अजूनही सेक्रेटरीच आहे, फक्त आता त्याच्याकडे रंगीत प्रिंटर आहे. त्याने दुकानाचा नकाशा काढलाय, चार रंगांत टेबलं दाखवलीत. मी म्हटलं, "ट्रेव्हर, चौथं टेबल दाराच्या आड येतंय."

"मग दार उघडायचं नाही."

"अरे, लोक आत कसे येतील?"

"लोक आधीच आत आलेले असतील," असं म्हणाला आणि पुढच्या मुद्द्याकडे वळला. मी कपाळाला हात लावला.

आता मुख्य गोष्ट. ब्रायनीने दुकान घेतलं त्याला चारच वर्षं झाली, त्यामुळे तिला तुमच्या टेबलावरच्या, खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाया ऐकूनच माहीत. तिने कोणालाही न विचारता पोस्टर छापलं: खिडकीजवळच्या लांब टेबलावर मोठी लढाई, नेव्हिल आणि ॲलेक, सहा वर्षांनी पुन्हा समोरासमोर. ते बेकरीत लागलंय, वाचनालयात लागलंय, गुरांच्या डॉक्टरकडेही लागलंय. नेव्हिलने बेकरीत पाहिलं आणि पाव न घेताच घरी आला.

तर ये. स्किप्टनहून बस येते. तुझी फ्रेंच फौज आण. झालं गेलं त्यावर बोलायची कोणालाच गरज नाही, मला तर अजिबात नाही.

तुझी बहीण,
ग्लेनिस


ऑटली,
२७ फेब्रुवारी

प्रिय ॲलेक,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. मेंढीचं चित्र छान होतं. मागचा मजकूर असा: "येणार नाही. माझ्या बारा घोडेस्वारांतला एक त्या गॅरेजात चोरीला गेला, तो आधी परत मिळू दे." पोस्टमनने वाचलं असणार. काल तो नेव्हिलकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होता.

चौसष्ट वर्षांचा आहेस तू, ॲलेक. नेव्हिल एकाहत्तर. छत्तीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही दोघांनी आमच्या गॅरेजात शिशाचे सैनिक मांडले. माझ्या लग्नात त्याच्या बाजूला तू उभा होतास, त्याची अंगठी तुझ्या खिशात होती. आणि हे सगळं दीड इंचावरून संपलं. तो अजून म्हणतो, चहाआधी तुझं घोडदळ त्याच्या टेकडीपासून अकरा इंच होतं. तू म्हणतोस, चहानंतर साडेनऊ भरलं. दहाच्या आत असेल तरच हल्ला करता येतो, म्हणून मध्ये कोणीतरी सैनिक सरकवले असलेच पाहिजेत. मग तू लबाड ठरलास, आणि खोक्यात बाराच्या जागी अकरा निघाले म्हणून तो चोर ठरला. तुम्ही दोघं खोटं बोलत नसाल, असं तुमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही का? एकदाही?

जाऊ दे. मी रागात आहे.

इथे घोळ वाढतोच आहे. टेबलं मिळाली, पण त्यातली तीन लंगडी. चर्चच्या बाईंनी चहाचं भांडं द्यायचं कबूल केलं, फक्त त्यांच्या एका माणसाने त्याच्याशेजारी दिवसभर बसायचं या अटीवर. कोणाला गहू चालत नाही, कोणाला अंडं चालत नाही, आणि एका गृहस्थांना केक चालतो पण केक खाणारी माणसं पत्त्यांना हात लावतात ते चालत नाही. त्यांच्यासाठी मी ओल्या रुमालांचा डबा ठेवणार आहे. बेकरीतल्या पोस्टरवर कोणीतरी नेव्हिलच्या नावावर कागदाची पट्टी चिकटवली. ती पट्टी आमच्या वीजबिलाच्या पाकिटाची आहे, हे मी ब्रायनीला सांगितलं नाही.

ट्रेव्हरने नियमांचा कागद केलाय, भिंतीवर लावायला. नऊ नियम. सातव्यावरून मी बैठकीत काही बोलणार होते, पण तेवढ्यात हातातला चहा बशीत सांडला आणि राहून गेलं. सातवा नियम काय आहे ते विचारू नकोस.

ब्रायनी बिचारी रोज विचारते, "तुमचा भाऊ येतोय ना?" पोस्टरं लागली आहेत, लांब टेबल ठरलंय, त्यावर हिरवं कापडसुद्धा तिने स्वतः शिवलं. मी म्हणते, बघू. आता बघू म्हणायचीही लाज वाटते.

चोरीबिरी काही झालेली नाही, ॲलेक. एवढं माझं ऐक. नेव्हिलने तुझ्या कशाला हात लावला नाही.

मला कसं माहीत ते विचारू नकोस. हेही विचारू नकोस, तेही विचारू नकोस, असं पत्र होत चाललंय. इथेच थांबते.

ग्लेनिस


ऑटली,
११ मार्च

प्रिय ॲलेक,

हे बसून वाच. चष्मा लावून वाच. त्या दिवशी तू चष्मा आणायलाच बाहेर गाडीकडे गेला होतास, म्हणून म्हणते.

रविवारी आम्ही दुकानात टेबलं मांडून बघत होतो. ट्रेव्हरने नियमांचा कागद भिंतीवर चढवला. एक लहान मुलगी वडिलांबरोबर फासे घ्यायला आली होती, तिने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सातव्याशी थांबली. "ॲलेकचा नियम: चहाच्या वेळी कोणत्याही खेळाडूने टेबलाजवळ एकट्याने थांबू नये." मग तिने विचारलं, "ॲलेक कोण?"

ट्रेव्हर म्हणाला, "एक फसवणारा माणूस होता."

होता म्हणाला. क्लबात हे नाव पाच वर्षं चालू आहे, ॲलेक. तुला माहीत नव्हतं. मला होतं. दर महिन्याला मी चहा ओतते आणि कोणीतरी हसत म्हणतं, "चला, ॲलेकचा नियम!" आणि सगळे टेबलापासून बाजूला होतात. मीही होते.

मी म्हटलं, "तो माझा भाऊ आहे. आणि त्याने फसवलं नाही. मी फसवलं." ट्रेव्हरला काही कळलं नाही. मी कोट घेतला आणि घरी आले.

तर ऐक. त्या रविवारी मी चहाचा ट्रे घेऊन गॅरेजात आले तेव्हा तिथे कोणी नव्हतं. नेव्हिल वर बाथरूमला गेला होता, तू बाहेर गाडीकडे. फ्रीजर आणि टेबल यांच्यात किती जागा आहे ते तुला ठाऊक आहे, आणि माझा घेर किती आहे तेही ठाऊक आहे. टेबलाच्या कोपऱ्याला माझी कंबर जोरात लागली. टेकडी सरकली. तुझे घोडेस्वार धडाधड आडवे झाले. मी ट्रे फ्रीजरवर ठेवला आणि एकेकाला उभं केलं, अंदाजाने. माझ्या डोळ्यांना ते अगदी जसेच्या तसे दिसत होते. एकाचा मात्र घोड्याचा पाय तुटला होता. तुम्ही दोघं आल्यावर हसत हसत सांगू, असं मनात म्हटलं आणि तो उचलून स्वेटरच्या खिशात टाकला. पायसुद्धा टाकला.

मग तू आलास, नेव्हिल आला, आणि मी तोंड उघडायच्या आत तू मोजायची टेप लावलीस. साडेनऊ. नेव्हिल म्हणाला, "मी उठायची वाटच बघत होतास." तू म्हणालास ते मी लिहीत नाही. मी आल्याच्या पार्किन केकची ताटली हातात घेऊन दारात उभी होते. शांत झाल्यावर सांगू, असं वाटलं. तुम्ही शांत झाला नाहीत. तू फौज खोक्यांत भरायला लागलास, बारा खाचांतली एक रिकामी राहिली, तू चोर म्हणालास, आणि आता खिशातून तो काढून दाखवायचा म्हणजे चोर मीच ठरणार होते. मला भीती वाटली. माझ्याच नवऱ्याची आणि माझ्याच धाकट्या भावाची, दोन म्हाताऱ्यांची आणि त्यांच्या खेळण्यांची.

दुसऱ्या दिवशी लाज वाटली. ख्रिसमसला वाटलं, आता उशीर झाला. मग दर वर्षी आणखी उशीर होत गेला.

पण हे काहीच नाही. आईच्या अंत्यविधीला तू मागच्या रांगेत एकटा बसलास. नंतर हॉलमध्ये आलास, सँडविचला हात न लावता नेव्हिलकडे पाठ करून पाच मिनिटं उभा राहिलास आणि निघून गेलास. तेव्हा एक वाक्य बोलले असते तर तू माझ्याशेजारी बसला असतास. आपण दोघांनी मिळून आईला पोचवलं असतं. मी बोलले नाही. हे मी स्वतःला माफ करू शकत नाही, तू करावंस असं म्हणतही नाही.

रविवारी घरी येऊन मी नेव्हिलला सगळं सांगितलं आणि बटणांच्या डब्यातून घोडेस्वार काढून त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उलटसुलट करून पाहिला. मला वाटलं आता ओरडेल. त्याने विचारलं, "कुठल्या कोपऱ्याला लागली?" मी सांगितलं. तो टेप घेऊन गॅरेजात गेला. तिथे आता टेबल नाही, फरशीवर खडूने काढलं त्याने, आणि तासाभराने गुडघा धरत आत आला.

"म्हणजे माझे अकरा बरोबर होते," तो म्हणाला.

"होय."

"आणि त्याचे साडेनऊही."

"होय, नेव्हिल."

खुर्चीत बसला. म्हणाला, "सहा वर्षं, ग्लेनिस." एवढंच. त्यानंतर माझ्याशी बोललेला नाही. चहा स्वतः करून घेतो, माझ्यासाठी करत नाही. न बोलण्याचा त्याला भरपूर सराव झालाय, आणि या वेळी निदान योग्य माणसाशी बोलत नाही.

ट्रेव्हरशी मात्र काल फोनवर बोलला, इतक्या मोठ्याने की शेजारच्या कुत्र्याने भुंकायला सुरुवात केली. कागद भिंतीवरून निघालाय. नवीन लागलाय. सातवा नियम आता असा आहे: "ग्लेनिसचा नियम: चहा आणणाऱ्याने टेबलापासून तीन फुटांवर थांबावे." सगळं गाव वाचणार आहे. वाचू दे.

शनिवारी न्यायच्या खोक्यात त्याने त्याचे सैनिक भरले, फासे भरले, टेप भरली. मी चोरून पाहिलं. तळाशी गोंदाची नवीन नळी आहे. नेव्हिल गोंद कधीच बरोबर नेत नाही, त्याचं काही कधी मोडत नाही.

दहा वाजता सुरू. बस दुकानासमोरच थांबते. लांब टेबलाच्या तुझ्या बाजूची खुर्ची कोणालाही देऊ नकोस असं मी ब्रायनीला बजावलंय. यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलास तर तुझं बरोबर असेल, आणि तरी मी दर दहा मिनिटांनी खिडकीबाहेर बघणार आहे.

तुझा बारावा घोडेस्वार या पाकिटात आहे, कापसात गुंडाळून. घोड्याचा पाय मी माझ्याकडे ठेवलाय. तो शनिवारी मिळेल, हातात.

सगळं करून सवरून अजून तुझी मोठी बहीण,
ग्लेनिस