कार्डाची मागची बाजू

७ जून १९९९

कार्ड आलं! गुणवंतने ऑफिसच्या पोस्ट बॉक्समधून आणलं. इथे आखातात पोस्टमन दारात येत नाही, सगळं नवऱ्याच्या हातून.

भाऊराया निनादने सैन्यात जाऊनही भरतकाम सोडलेलं नाही. साधं पोस्टकार्ड, त्यावर बटणं लावायच्या हिरव्या दोऱ्याने भरलेला वाकडातिकडा डोंगर, खाली "नि". लिहायचा कंटाळा म्हणून टाके घालतो हा गधडा! कऱ्हाडला आईकडे पाठवतो, आई पाकिटात घालून मला. मागे नेहमीप्रमाणे गाठीच गाठी. आईच्या शिवणक्लासात बसून शिकला, पण ती बाजू काही सुधारली नाही.

तो कारगिलला आहे. कार्ड भरलं तेव्हा तरी धडधाकट होता.

११ जून

सातवा महिना, त्यात बीपी. डॉक्टरने हात झटकले – "फ्लाइंग खलास, मॅडम. ओन्ली रेस्ट."

म्हणजे आईजवळ जाणं संपलं. बाहेर भट्टी, खिडक्या बंद, एसीची घरघर. मनखूलच्या या दोन खोल्यांत बेडवरून सोफ्यावर, सोफ्यावरून बेडवर. चीड येते. पोटातल्या बाळाचीसुद्धा! लिहिलं एकदाचं.

१५ जून

लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधली कुबरा भेटली. लाहोरची. लढाई सुरू होईपर्यंत आमच्या वाट्या रोज इकडून तिकडे जायच्या. आज दोघी मजल्यांचे आकडे बघत उभ्या. उतरताना म्हणाली, "अपना खयाल रखना." मी नुसती मान हलवली. तिचा काय दोष?

२२ जून

गुणवंतने टीव्हीची केबल काढून टाकली. पेपरही बंद. "टेन्शन नको, मंजू. डॉक्टर काय म्हणाले?" मी ओरडले – माझा भाऊ आहे तिथे, मी काय सिरियल बघतेय? तो केबल गुंडाळत राहिला. एरवी शब्दाला शब्द देतो.

आईला फोन लावला तर काकूने घेतला. आई देवळात गेलीय म्हणे. भरदुपारी?

२८ जून

आईचा फोन. "सगळं ठीक आहे, जेवतेस ना?" एवढंच बोलून ठेवला.

१० जुलै

कार्ड! लाल फूल, वाकडं पान, "नि". मोठमोठ्याने रडले – आहे, माझा भाऊ आहे! गुणवंतला दाखवायला गेले तर तो बाथरूममध्ये शिरला. बराच वेळ नळ चालू होता.

११ जुलै

आज कार्ड उलटं केलं.

मागे एकही गाठ नाही. दोऱ्याचं टोक टाक्यांखाली सरकवून कापलेलं. असं फक्त आई भरते. पुढचं पान तिने मुद्दाम वाकडं काढलं, सगळं निनादसारखं केलं बिचारीने – पण मागची बाजू घाण ठेवणं तिच्या हाताला जमलंच नाही.

गुणवंत घरी आला तसं कार्ड त्याच्यापुढे धरलं. विचारलं, "कधी?"

"अठरा जूनला. आईंनी शपथ घातली होती गं... बाळंतपण होईपर्यंत..."

मारलं मी त्याला. मग त्यालाच धरून रडले. सगळं उरकलं तिकडे. आणि मी इथे सोफ्यावर पाय वर करून!

१२ जुलै

कुबरा आली. माझं रडणं ऐकलं असणार, इथली दारं-भिंती पातळच. काही विचारलं नाही. केस विंचरून वेणी घातली आणि गेली.

१४ जुलै

आईला फोन केला. म्हटलं, निनादचं कार्ड मिळालं. फार छान भरलंय.

ती म्हणाली, "पुढचं पाठवेल की! कुठल्या रंगाचं हवंय? सांगते त्याला."

मी म्हटलं, निळ्या.