डॉक्टरबाईंच्या गाडीचे दोन इंच

उस्ताद, डॉक्टरबाईंची गाडी परवा नदी उतरून पलीकडे गेली आणि खाली कुठेही घासली नाही. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. देवळाली कॅम्पातल्या तुमच्या गॅरेजात आता मोबाइलचं दुकान आहे, आणि दिंडोरी रोडचं माझं गॅरेज तुम्ही पाहिलेलंच नाही. दोन गाड्या आत राहतात, तिसरी बाहेर लिंबाखाली. काम मी तेच करते, जे तुम्ही मला शिकवलंत. गाडीच्या खालचं. स्प्रिंगा, शॉकअप, पाटे. इंजिनाला हात लावत नाही. बाईमाणूस गाडीखाली झोपून काम करते म्हणून लोक आधी नुसते बघायला येतात, मग पुढच्या खेपेला गाडी घेऊन येतात.

डॉक्टरबाई दिवाळीनंतर आल्या. पंचावन्नच्या असतील, केस पांढरे, आवाज करारी. दर गुरुवारी त्या आपल्या मोठ्या सात सीटर एसयूव्हीत औषधं भरून सुरगाण्याच्या पलीकडच्या पाड्यांवर जातात, बारा वर्षं झाली त्याला. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी एका पाड्यावरून अडलेली बाळंतीण घेऊन येताना नदीपात्रातल्या दगडावर गाडीचं पोट आपटलं, डिझेलची टाकी फुटली आणि गाडी तिथेच बसली. पाड्यातल्या माणसांनी त्या बाईला चादरीची झोळी करून डांबरी रस्त्यापर्यंत खांद्यावर नेलं. बाई वाचली, मूलही वाचलं. पण डॉक्टरबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, गाडीच्या चाकाकडे बघत होत्या.

"मला चार इंच उंच करून हवी," त्या म्हणाल्या. "हायवेवरचा एक गॅरेजवाला अर्ध्या दिवसात देतो म्हणालाय. स्प्रिंगवर कसले तरी ठोकळे बसवणार आहे."

मी म्हटलं, "मॅडम, आधी गुरुवारी गाडी जशी भरता तशी भरून आणा. औषधाचे खोके, सिलिंडर, सिस्टर, सगळं. रिकामी गाडी बघून मला काही कळायचं नाही."

"अगं, गाडी माझी आहे. मला काय हवंय ते मी सांगतेय ना?"

"पेशंटने फोनवर सांगितलं की मला अमुकच इंजेक्शन द्या, तर तुम्ही द्याल का?"

त्यांचा ड्रायव्हर, चाळिशीचा शांत माणूस, तोंडावर रुमाल धरून दुसरीकडे बघायला लागला. बाई गाडीत बसून निघून गेल्या. गुरुवारी सकाळी सातला मात्र भरलेली गाडी माझ्या दारात उभी होती.

मी टेप काढला आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत मोजायला लागले, तेव्हा तुम्ही शेजारी उभे असल्यासारखं वाटलं. माझं पहिलंच वर्ष होतं. एका नर्सरीवाल्याची जीप होती, तिच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मी एकटीने बदलल्या होत्या. मी जमिनीपासून मोजलं, दोन्हीकडे माप सारखं आलं, आणि मी मोठ्या दिमाखात तुम्हाला बोलावलं. तुम्ही येता, काही मोजत नाही, डाव्या टायरवर नुसता बूट दाबता. टायर अर्धा बसका असतो. "जमिनीवरनं मोजलंस? टायरातली हवा कमीजास्त होती, जमीन वाकडी असती. चाकाच्या मधनं मोज. खोल सगळं." सगळं? मी विचारलं. "सगळं. फौजेत असं काम केलं असतंस तर गाडी नाय, माणूस पडला असता." मी रडत रडत खोललं. डब्याला हात लावला नाही. दुपारी चार वाजता काम पुरं झालं तेव्हा कळलं की तुम्हीही जेवला नव्हता. मग आपण दोघांनी तुमच्या डब्यातलं पिठलं खाल्लं, आणि तुम्ही मापाबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही.

तर डॉक्टरबाईंची गाडी. खोके उतरवून पुन्हा मोजलं, तेव्हा रिकामी आणि भरलेली यात मागच्या बाजूला तीन इंचांचा फरक निघाला. गाडी बुटकी नव्हती उस्ताद, दमलेली होती. बारा वर्षं ती पाठीवर दवाखाना वाहत होती. दमलेल्या स्प्रिंगवर ठोकळा ठेवला की उभी गाडी उंच दिसते, पण दगडावरून आदळली की स्प्रिंग बसायची तितकीच खाली बसते आणि टाकी पुन्हा त्याच दगडाला भेटते. हे मला तिथेच कळलं होतं. किती उचलायची ते मात्र कळलं नव्हतं. म्हणून मी गॅरेजला कुलूप लावलं आणि म्हटलं, मी पण येते.

वणीला चहा घेतला, पुढे घाट चढलो आणि मग डांबर संपलं. त्या नदीपाशी मी उतरले. पात्रात पाणी नावापुरतंच होतं. जो दगड लागला होता त्याच्या डोक्यावर अजून पांढरा ओरखडा होता. मी ओल्या वाळूत आडवी झाले, ड्रायव्हरला गाडी इंच इंच पुढे घ्यायला लावली, दगड मोजला, टाकी मोजली. स्प्रिंगा भक्कम असतील आणि भरल्या गाडीला दोन इंच मिळाले तर भागत होतं. पण मनात आलं, चार मागतायत तर चार देऊन टाकावेत. मी मोकळी, गिऱ्हाईक खूश. किट तर मिळतातच बाजारात, तीन इंचांचे, चारचे, सहाचेसुद्धा.

मग पाड्यावर गेलो. झाडाखाली तपासणी झाली, आणि एका म्हाताऱ्या आजीला खाली दवाखान्यात न्यायचं ठरलं. आजीने गाडीच्या दाराला धरलं, पाय उचलला, पुन्हा टेकवला. पुन्हा उचलला. शेवटी सिस्टरने रंगाचा रिकामा डबा पालथा घातला, तेव्हा कुठे ती चढली. मी ते बघत उभी राहिले. ज्या माणसांसाठी गाडी नदी ओलांडणार, त्या माणसांना चढताच येणार नसेल तर ती उंची कोणासाठी?

येताना घाटात मी बाईंना सांगितलं. "भरल्या गाडीला दोन इंच. त्याच्या वर नाही. मागे जाड तारेच्या नव्या स्प्रिंगा, चारही शॉकअप नवे, टाकीखाली लोखंडी पत्रा, आणि मधल्या दाराशी एक खाली येणारी पायरी, ती मी स्वतः वेल्डिंग करून देते. चार इंच केले तर या वळणांवर गाडी झोके खाईल, आणि मागे पोटुशी बाई आडवी असेल. रिकामी असताना गाडी जरा कडक चालेल. पण तुम्ही रिकाम्या जाता कधी?"

"आणि दोन कमी पडले तर?"

"तर मी त्या दगडापाशी येऊन उभी राहीन."

बाईंनी खिडकीची काच वर केली. मग म्हणाल्या, "कर."

तीन दिवस लागले. स्प्रिंग दाबून बसवताना तुमचा नियम पाळला, समोर कोणाला उभं राहू दिलं नाही. अंगात तोच निळा बॉयलर सूट होता. तोच म्हणजे त्याच मापाचा. तुम्ही दिलेला पहिला कधीच फाटला. त्याच्याआधी तुमचा जुना सूट बाह्या दुमडून घालायचे मी, आणि एकदा ती बाही स्प्रिंग दाबायच्या शिकंज्यात अडकली. तुम्ही शिकंजा सोडवलात, मला सायकलवर मागे बसवून कॅम्पातल्या बाजारात फौजेचे गणवेश शिवणाऱ्या टेलरकडे घेऊन गेलात. तो टेप घेऊन तुमच्याकडे वळला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "माझं नाय. हिचं माप घे. कारागीर हाय ही." तेव्हा मला सांधा आणि बुश यांतला फरकही नीट सांगता येत नव्हता. घरी मी तो सूट आईला दाखवला नाही, दोन दिवस उशीखाली ठेवला. टेलरकडे माझं माप अजून आहे.

काम झाल्यावर चारही चाकं मोजली. डाव्या-उजव्यात एका सुताचा फरक. तो मी काढला नसता तरी चाललं असतं. पण काढला. दिव्यांचा झोत खाली आणला, अलाइनमेंट करून घेतली.

परवाचा गुरुवार. मी कबूल केल्याप्रमाणे नदीपाशी उतरले आणि दगडाशेजारी वाकून उभी राहिले. गाडी गच्च भरलेली. पुढची चाकं उतरली, वर आली. "बोला ताई!" ड्रायव्हर ओरडला. मी म्हटलं, ये, येऊ दे, ये. मागचं चाक खड्ड्यात गेलं, स्प्रिंग बसली, आणखी बसली, आणि थांबली. पत्रा आणि दगड यांच्यात माझी चार बोटं आडवी जातील एवढी जागा राहिली. गाडी तेवढी फट सांभाळत पलीकडे चढली. मी पाण्यातून चालत गेले तर बाई दार उघडून बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्या दिवसापासून इथे आलं की मी श्वास रोखून बसायचे गं. आज विसरले."

पाड्यावरून येताना नववा लागलेली एक मुलगी आणि तिची सासू बरोबर होत्या. सासूबाईंनी पायरीवर पाय ठेवला आणि कोणाचा हात न घेता आत जाऊन बसल्या. बसल्यावर विचारलं, "ही पायरी कुणी लावली?" डॉक्टरबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिने. गाडी हिनेच उभी केलीय." त्या बाईने माझा हात ओढून घेतला, उलटा करून तळवा पाहिला, नखांत बसलेलं ग्रीस पाहिलं आणि आपल्या सुनेला दाखवला, जसा एखादा दागिना दाखवावा. उस्ताद, त्या वेळी माझी मान जरा जास्तच ताठ झाली. तुम्ही असता तर गाडीभोवती एक फेरी मारून "ठीक हाय" म्हणाला असतात. तुमच्या तोंडून मी ते आठ वर्षांत तीनदा ऐकलं. हे चौथं मी धरून चालले आहे.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच राहील. पण लिहायला घेतलंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही सगळ्यांना सांगायचात, सहा गॅरेजवाल्यांनी नको म्हटलं तरी ही पोरगी सातव्या दारात येऊन उभी राहिली, लय जिद्दीची. सहा जणांनी नको म्हटलं होतं हे खरं. पण त्या दिवशी मी आयटीआयचं सर्टिफिकेट घरी ठेवून आले होते. तुमच्या गॅरेजच्या वर टायपिंगचा क्लास होता, मी तिथे नाव घालायला निघाले होते आणि जिना कुठून आहे ते विचारायला तुमच्या दारात थांबले. तुम्ही ट्रकखालून पेटता टॉर्च धरलेला हात बाहेर काढलात आणि म्हणालात, "बॅटरी धर." मी धरली. जिना कुठे आहे ते मी नंतर विचारलंच नाही.