मार्थाबाईंची मूळ कॅसेट

३ नोव्हें. २००७, शिरूर
केडगावहून रूथ आली. तिच्या आईचं, मार्थाबाईंचं, घशाचं ऑपरेशन झालं. स्वरयंत्र काढलं. आता बोलणं नाही.
"काका, तुमच्या फिल्ममधी आई बोलली व्हती न्हवं? तेवढा आवाज द्या."
नव्याण्णवची फिल्म, मिशनमधल्या बायकांवरची. निवेदन मी लिहिलेलं. घरातली व्हीएचएस लावली. मार्थाबाईंचे ओठ हलतायत, वर निवेदिकेच्या आवाजात माझी वाक्यं. तेव्हा तशीच पद्धत.
रूथ : "आन् ही कोण बया बोलतीय?"

५ नोव्हें.
शूटिंगची मूळ कॅसेट, निवेदन चढवण्याआधीची, माळ्यावर सापडली. डिजिबीटा, पुस्तकाएवढी. कंपनी बंद करताना निर्मात्याने माझ्याकडे टाकलेली. टेपच्या कडेला बुरशी. दौंडला लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे नेली. हसला. "सर, ही आमच्या मशीनमधी शिरायची बी न्हाई."

९ नोव्हें., पुणे
इनामदारांच्या स्टुडिओत ही कॅसेट चालवणारं एक मशीन, डेक, उरलाय. तोही महिनाअखेर भंगारात. म्हणाले, टेपवरची बुरशी पुसून देतो, पण एकदाच चालेल असं धरा. चिकटली तर तुटेल.
विचारलं, खरखरीत का होईना, ऐकू येईल?
"अहो, डिजिटल आहे. आलं तर काल बोलल्यासारखं. नाहीतर पडद्यावर चौकोन आणि शांतता. मधलं काही नाही."
रविवारचा लेख उद्या द्यायचाय. एक ओळ नाही.

११ नोव्हें., केडगाव
लेख गेला. कसा, विचारू नये.
मार्थाबाईंना सगळं समजावून सांगितलं. गळ्याशी पांढरा रुमाल, नजर तशीच करडी. रूथच मध्ये पडली. "नका लावू, काका. तुटली तर? घरात ऱ्हाऊ द्या. आवाज हाय, असं म्हणता तरी येईल."
मार्थाबाईंनी कॅसेट घेतली, कानाशी धरून खुळखुळ्यासारखी हलवली. हसल्या. नुसता श्वास. मग ती माझ्या मांडीवर ठेवली आणि चपला शोधायला लागल्या.
"आज न्हाई गं आई, बुधवारी!" रूथ रडत, हसत.

१४ नोव्हें., पुणे
सकाळच्या गाडीने तिघं. सोमवारी पोचवलेली टेप बुरशी काढून तयार होती. इनामदारांनी विचारलं, "हिच्यात काय बोलल्यात, आठवतंय?" खरं म्हणजे नाही. माझी वाक्यं तेवढी पाठ. तरी सांगायला लागलो.
मार्थाबाईंनी माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.
कॅसेट आत गेली.