दीड हजार डिग्रीचा सिद्धांत

३ फेब्रुवारी
आजपासून फालतू वाद बंद.

संध्याकाळी ७. ग्रुपवर व्हिडिओ आला. परदेशात कुठंतरी आग लागून स्टीलच्या सांगाड्याची बिल्डिंग कोसळली म्हणे. अशक्य! स्टील वितळायला दीड हजार डिग्री लागतात. टेबल-खुर्च्या जळून एवढी उष्णता येत नाही. आतून काहीतरी भानगड असणार. तसं लिहिलं. मानवतमध्ये सतरा वर्षं भांड्यांचं दुकान चालवतोय. स्टील मला नाही कळणार तर कोणाला?

वेल्डर सूर्यभाननं उत्तर टाकलं, "वितळायला कशाला लागतंय? मऊ झालं की बसतंय खाली." आठवी नापास माणूस. दुर्लक्ष करायचं ठरवलं. अकरा मेसेज टाकले.

५ फेब्रुवारी
रामप्रसाद आडते दुकानात आले. कापसासाठी लोखंडी गोडाऊन बांधायलेत. सूर्यभान म्हणे खांबांना आगरोधक लेप द्या, पाण्याची लाइन टाका. खरंच लागतं का, हे मला विचारलं. मला! म्हणालो, खुशाल सोडून द्या.
"सिद्धलिंगअप्पा, कापूस माझा हाय. जरा खात्री करून सांगा."
खात्री रविवारी. जाहीर.

८ फेब्रुवारी
बायकोला बेत सांगितला. महानंदा म्हणाली, "लोहार इळा काय लोखंड वितळवून करतो? लाल करतो आन् वाकवतो." सायन्सचा गंध नाही. माझं उत्तर तयार होतं, पण ती आत निघून गेली.

९ फेब्रुवारी, रविवार
सकाळी १०. अंगणातल्या लोखंडी स्टँडवरून पाण्याची टाकी उतरवली. वजन म्हणून दुकानातले नवे बारा हंडे भरून ठेवले. खाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग. रामप्रसाद, सूर्यभान आणि सगळी गल्ली हजर.
१०.४०. ढीग पेटवला. स्टँड उभा. भाषण सुरू केलं.
१०.५५. पाय लाल. लाल होणं म्हणजे वितळणं नव्हे, हे समजावलं.
११.०५. एक पाय वाकला. वाकणं म्हणजे पडणं नव्हे.
११.०६. पडला.

दुपारी. स्टँड वितळला नाहीच, म्हणजे सिद्धांत शाबूत. शिवाय हंड्यांच्या पाण्यानं आग आपोआप विझली, याची कोणी दखलच घेत नाही. बाराही हंड्यांना पोचे. रामप्रसाद तिथंच सूर्यभानला म्हणाले, "लेप बी द्या, लाइन बी टाका."

१० फेब्रुवारी
ग्रुपवर खुलासा केला की स्टँडचं लोखंड हलकं होतं. सूर्यभाननं विचारलं, आणला कोणी होता? ग्रुप सोडला. वैचारिक कारणानं.

१२ फेब्रुवारी
टाकी जमिनीवर. नळाला थेंब नाही. महानंदानं सांगितलं, सूर्यभानला "चुकलो" म्हणा, नवा स्टँड करून आणा. तवर घरातलं पाणी तुमीच भरा. भरेन. तत्त्वासाठी माणसं तुरुंगात गेली.

१४ फेब्रुवारी
कंबर. उठता येत नाही.

१५ फेब्रुवारी
कंबर धरून सूर्यभानच्या शेडवर गेलो. दोघं-तिघं गिऱ्हाईक बसलेले. मशीन चालू होतं, तेवढ्यात पटकन म्हणून टाकलं, "तुमचं बरोबर होतं."

त्यानं मशीन बंद केलं. तोंडावरची काच वर केली.

"काय म्हणालात अप्पा? आवाजात ऐकू न्हाई आलं."

पुन्हा म्हणावं लागलं.