दहा मिनिटं पुढे

प्रिय दादा,

तू पाठवलेले कागद मिळाले. बाबा आता हयात नाहीत असं लिहून द्यायचं, खाली दोघांच्या सह्या, की झालं, असं तू फोनवर म्हणालास. तुझं बरं आहे, तिकडे बसून उंटावरून शेळ्या हाकायच्या! इकडे माझा हात पेनाकडे जात नाही. भरदुपारी सोल्डर गन तापत ठेवून, आलोच म्हणून कॉम्प्युटर दुरुस्तीच्या आपल्या दुकानाबाहेर पडलेला माणूस मेला, हे मी कशाच्या जोरावर लिहू? इतक्या वर्षांत आईनेसुद्धा ते कधी तोंडातून काढलेलं नाही.

त्यातच भंगारवाल्याने दुकानात टाकलेल्या पोत्यात एक जुना मदरबोर्ड निघाला. त्यावर ना नाव, ना नंबर. कंपनीचं नाव असतं ती जागा नुसती कोरी हिरवी. लांब काळे स्लॉट आणि कीबोर्डचं ते जाडं गोल भोक पाहून एवढं कळलं, की हा आपल्या शाळेच्या दिवसांतला. चिपांवरचे आकडे भिंगाखाली वाचले, जुन्या बोर्डांच्या हौशी मंडळींना फोटो पाठवले. सगळ्यांनी हात टेकले. मग ब्रशने धूळ झाडताना, वीज जोडतात तिथे मधोमध एक लाल ठिपका दिसला. आईचं नेलपॉलिश, दादा! ते दोन प्लग आठवतात ना? काळ्या तारा मधे एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, नाहीतर बोर्ड खलास. गिऱ्हाइकाचा एक बोर्ड तसा जाळल्यापासून बाबा हाताखालून जाईल त्या प्रत्येक बोर्डावर तिथे ठिपका द्यायचे. आई बाटली लपवायची आणि तू चोंबडा ती शोधून द्यायचास. बॅटरीही त्यांच्याच रीतीने कापून काढलेली होती, कारण ती पाझरते आणि बोर्ड खाते. कंपनी कुणाची ते अजून कळलेलं नाही, हात मात्र मी ओळखला.

मग राहवेना. काळ्याला काळी लावून वीज दिली. बॅटरी नाही म्हणजे घड्याळ धरून ठेवायला काहीच नाही. तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षावर जायला हवी होती. पडद्यावर त्या दिवसाचीच तारीख आली. वेळ मोबाइलशी ताडून पाहिली, तर बरोबर दहा मिनिटं पुढे. वायर काढून बोर्ड कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी लावला, पुन्हा तेच. आपल्या घरातली सगळी घड्याळं बाबांनी दहा मिनिटं पुढे ठेवली होती, आठवतं? मी जिवंत आहे तोवर या घरात माझीच वेळ चालेल, असं ते दटावायचे. स्वयंपाकघरातलं घड्याळ आई अजून तसंच ठेवते, कुणाला हात लावू देत नाही.

मला वेड लागलंय असं समज हवं तर. समजावणारी दहा कारणं मीही शोधली, एकही टिकलं नाही. आणि खरं सांगू? भीती वाटली त्याहून जास्त आनंद झाला. रोज सकाळी शटर वर केलं की आधी तो बोर्ड चालू करायचे, ती दहा मिनिटं पाहायचे आणि तुझे कागद पुन्हा खणात सारायचे. आईला यातलं अवाक्षरही बोलले नाही.

आज सकाळी बोर्डावरची वेळ मोबाइलशी तंतोतंत जुळली. बंद करून पुन्हा लावला, तरी तेच. दुकानाचं शटर तसंच ओढून घरी आले, तर आई स्टुलावर चढलेली आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ तिच्या हातात. ती काटा मागे घेत होती. का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, आता बरोबर लावलेलं बरं. म्हणून हे पत्र. कागद सही करून सोबत पाठवतेय. मृत्यूची तारीख म्हणून तू ते घरातून गेले तो दिवस घातला होतास. तो खोडून मी आजचा घातलाय. वकील ओरडला तर ओरडू दे. तू मात्र लगेच निघ. आई अजून रडलेली नाही, आणि मला एकटीला तिच्यासमोर बसवत नाही.

तुझीच,
भुणभुण