जीप सुरू झाली तेव्हा अप्पा काय म्हणाले

कुंभकोणम्,
जानेवारी १९५८

प्रिय भालचंद्र,

अक्षर ओळखलंस का? ओळखलं नसशील तर खाली सही आहे, आधी तिकडे नजर टाकून ये. जवळजवळ तीन वर्षांनी लिहिते आहे, आणि तेही 'तू' म्हणून. समोर असताना 'तुम्ही'खेरीज शब्द काढला नाही कधी, पण मनातल्या मनात मी तुला पहिल्या रविवारपासून 'तू'च म्हणत आले. दर दिवाळीला तुझं अप्पांना पत्र येतं. अप्पा ते मोठ्यानं वाचून दाखवतात आणि मी नेमकी तेव्हाच घागर घेऊन विहिरीवर जाते. तरीही कोयनेला तुझा स्वयंपाकी भात करपवतो आणि तू एकटा बसून तो खातोस, हे मला ठाऊक आहे. विहीर फार लांब नाही.

दोन बातम्या आहेत. पहिली, आपली जीप सुरू झाली. दुसरी, मला तंजावरचं एक स्थळ आलं आहे. मुलगा वकील आहे, घर आपल्यातलंच, आणि मासी महिना लागायच्या आत, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, होय की नाही ते कळवायचं आहे. आधीची स्थळं मी काही ना काही खोट काढून परतवली. एकाचं नाक, एकाची आत्या. या माणसात खोट सापडत नाही, हीच मोठी पंचाईत. अप्पा नुसते माझ्याकडे बघतात आणि चष्मा पुसतात. त्यांना उत्तर देण्याआधी मला तुला एक गोष्ट विचारायची आहे. एकदम लिहायला हात धजत नाही, म्हणून आधी जीपची हकिकत सांगते. ती कळल्याशिवाय माझा प्रश्न तुला कळायचाही नाही.

जीप तुला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. लढाई संपल्यावर अप्पांनी ती लष्कराच्या लिलावात घेतली, कारण खेड्यात कुणाची बाळंतीण अडली की बैलगाडीनं डॉक्टर पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं. कालव्याच्या बांधावरून, भातखाचराच्या चिखलातून ती चारी चाकांनी ओढत जायची. तू दिल्लीच्या खात्याकडून कालव्यांच्या पाहणीला आलास, मुक्काम सरकारी बंगल्यात, आणि गावात एक मराठी बोलणारं घर आहे असं कळल्यावर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊ लागलास. ताक पिऊन होईतो पानावर, आणि मग दिवे लागेपर्यंत जीपखाली. तू पाना मागितलास तर मी पाना द्यायची आणि पाणी मागितलंस तर कॉफी, आमची कापी. आई म्हणायची, जावयालासुद्धा इतक्यांदा कापी देत नाहीत. तू जीपखाली होतास, तुला ऐकू गेलं नसेल.

पहिल्या रविवारी तू आमच्या बोलण्याला हसलास, आठवतं? वाईट मनानं नव्हे. शिवाजीमहाराजांच्या वेळचं कुणी पानावर येऊन बसलंय असं वाटतं, म्हणालास. अप्पाही हसले, पण त्यांना ते लागलं. अडीच-तीनशे वर्षं परमुलखात जीव लावून सांभाळलेली भाषा, आणि तिकडचा माणूस येऊन तिला हसतो! तू गेल्यावर घरात हुकूम सुटला की पाहुण्यासमोर सगळ्यांनी पुस्तकातलं मराठी बोलायचं. तेव्हापासून दर रविवारी आम्ही जरीचं नेसल्यासारखं अवघडून बोलायचो. माझा भाऊ सेतू तर बोलायचाच बंद झाला. मी मात्र तू दिलेली पुण्याची मासिकं वाचून वाचून तुझी भाषा चांगली शिकले, हे पत्र त्याचा पुरावा. पण त्यामुळे झालं असं की दीड वर्ष आमच्याकडे जेवूनही आमची भाषा तू कधी ऐकलीच नाहीस. ती सोमवारी सकाळी परत यायची.

तू गेलास त्या वर्षी ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात जीपनं मान टाकली. पट्टीश्वरम्‌च्या पुढे, बांधावर, इंजिनातला एक दांडा तुटला आणि ब्लॉकला भगदाड पाडून बाहेर आला. अप्पा तिला तिथंच सोडून, धोतर खोचून चालत रोग्याकडे गेले. दुसऱ्या दिवशी बैल लावून ती घरी आणली आणि मागच्या अंगणात पेंढ्याच्या गंजीशेजारी उभी केली. मला बरं वाटलं होतं, खरं सांगते. तुझा हात लागलेली वस्तू तुझ्यामागं नीट चालावी हे मला सोसत नव्हतं. मग अप्पा सायकलवर जाऊ लागले. साठीचा माणूस, पुढे दिवा, मागे औषधांची पेटी. गेल्या आडी महिन्यात, तुमच्या आषाढात, कालव्याला नवं पाणी आलं होतं आणि अप्पा सायकलसकट त्यात गेले. पेटी वाहून गेली, अप्पा लव्हाळं धरून राहिले म्हणून वाचले. त्यानंतर सेतूनं जीप पुन्हा चालती करायचा ध्यास घेतला, आणि मीही रुसवा सोडून त्याला मिळाले.

जुनं इंजिन कामातून गेलं होतं. बसस्टँडमागं लॉऱ्या दुरुस्त करणारा मणी मिस्त्री आहे ना, त्यानं एका बंद पडलेल्या भातगिरणीतून दुसरं शोधून आणलं. ते मूळचं कुणा मिरासदाराच्या अमेरिकन मोटारीतलं. मोटार मोडीत गेली तेव्हा ते गिरणीत भात भरडू लागलं आणि गिरणी बुडाल्यावर आमच्याकडे आलं. जीपच्या इंजिनापेक्षा लांब निघालं, म्हणून रेडिएटर पुढं सरकवला, खालचे पाय नवे ठोकून घेतले. पण खरं घोडं अडलं गिअरबॉक्सपाशी. इंजिनाची भोकं एकीकडे, गिअरबॉक्सची भलतीकडे, आणि दोघांना जोडायला मध्ये एक जाड कडं हवं. मद्रासला चौकशी केली तर त्यांनी हात झटकले. शेवटी मणी म्हणाला, स्वामीमलैला जाऊ.

हस नकोस. तिथले देव ओतणारे नटराज स्थपती आमचं कडं करायला तयार झाले, पण हे कुठल्या देवाचं आहे ते सांगा, म्हणाले. सेतूनं त्यांना खूप समजावलं, तेव्हा ते म्हणाले की चालणाऱ्या वस्तूला देव असतोच, तुम्हाला नाव माहीत नसेल. मग त्यांनी मेणाचं कडं केलं, एकेक भोक सुद्धा मेणातच पाडलं, वर कावेरीची माती लिंपली, मेण वितळवून काढलं आणि त्या पोकळीत पंचलोह ओतलं. मंगळवारी साचा फोडणार नाही म्हणून एक दिवस खोळंबा केला. नंतर लेथवर कातून मणीनं ते बसवलं, पण केसभर सरकलेलं होतं, क्लच सुटेना. पुन्हा उतरवलं, पुन्हा कातलं. आता आई म्हणते, पंचलोहाला पाय लागतो. अप्पा म्हणतात, पाय क्लचला लागतो, पंचलोह आत आहे. हा वाद अजून मिटलेला नाही.

या सगळ्यात सेतूचं लग्न झालं. अप्पांच्या मनात होतं की एकतरी सून तिकडची यावी, म्हणून साताऱ्याची मुलगी केली. कुमुदवहिनी. लग्न तिकडेच झालं आणि ती नांदायला आली ती या पोंगलच्या आधी. मोठी गोड मुलगी आहे, आणि धीट. आल्या दिवशीच चुलीपुढून मला उठवलं. तिच्यासाठीही घरात तोच हुकूम निघाला, नव्या सुनेसमोर पुस्तकातलं बोला. म्हणजे पुन्हा घरभर रविवार. ती बिचारी म्हणायची, तुम्ही सगळे इतकं हळू का बोलता? तिला काय सांगणार!

परवा सकाळी सगळं जोडून झालं. सेतू कॉलेजात शिकवायला गेलेला, त्याची वाट बघण्याइतका दम ना मणीला ना अप्पांना. मणी पुढं बॉनेट उघडून इंजिनात वाकलेला, अप्पा त्याच्या शेजारी. पायाशी असलेली स्टार्टरची कळ दाबायला कुणीतरी हवं होतं. मी पुढं होणार इतक्यात वहिनी पदर खोचून चढून बसलीसुद्धा. गिअरचा दांडा मोकळा नाही हे अप्पांना तेव्हाच दिसलं. मागं पेंढ्याची गंज, पुढं मणीचं डोकं इंजिनात. आणि वहिनीनं मोठ्या उत्साहानं विचारलं, "अप्पा, दाबू?" घाबरल्यावर माणसाच्या तोंडून पुस्तक येत नाही. अप्पा ओरडले, "होना! होना ग!"

आणि तिनं दाबलं. दोन वर्षं मुकी पडलेली जीप एका झटक्यात पेटली, उडी मारून मागं गेली आणि अर्धी गंजीत घुसून तिथंच गुरगुरत राहिली. मणी "अय्यो" करत उताणा पडला होता, पण धड होता. वहिनीच्या डोक्यावर पेंढाच पेंढा. अप्पा धावले, "होना म्हटलं ना तुला, मग कां दाबलंस?" आणि ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अहो, तुम्हीच तर दोनदा हो ना, हो ना म्हणालात!"

मग आई हसायला लागली, मग अप्पा, मग मणीला तमिळमध्ये समजावून सांगितलं तेव्हा तोही. वहिनी एकटीच विचारत होती, की हसताय काय, होना म्हणजे काय? आईनं तिच्या केसातला पेंढा काढत सांगितलं, "आमच्यात होना म्हणजे नको, बाळ." मला हसू आलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसले. बाहेर जीप चालू होती आणि सगळे मला हाका मारत होते.

भालचंद्र, आता ती संध्याकाळ आठव. कोयनेचा हुकूम आला होता आणि इथली मुदत वाढवून मागायची असेल तर तुला दुसऱ्याच दिवशी कळवायचं होतं. वार रविवार नव्हता, तरी तू आलास. अप्पा रोग्याकडे गेलेले. तू फडक्याला हात पुसत होतास, हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरी पुसत होतास. मग माझ्याकडे न बघता विचारलंस, "मी जाऊ?" एवढंच. मी तुझ्यासाठी पुणेरी वाक्यं किती घोकून ठेवली होती! त्या वेळी त्यातलं एकही आलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा तुझ्यासमोर माझ्या तोंडून माझा शब्द निघाला. मी म्हटलं, "होना." तू फडकं खाली ठेवलंस, "बरं" म्हणालास, आणि सकाळच्या गाडीनं गेलास. तीन वर्षं मी हेच धरून बसले की मी जाऊ नको म्हटलं, आणि हा माणूस बरं म्हणून निघून गेला. आणि तू काय धरून बसला असशील? जाऊ का विचारलं, तर मुलीनं जरासुद्धा विचार न करता हो ना म्हटलं, असंच ना? पूर्वी ध चा मा करायला कुणी तरी मध्ये लागायचं. आपल्याला तेवढीही गरज पडली नाही. परवापासून मी त्या 'बरं'चा आवाज आठवते आहे. तो किती लहान होता, हे मला आता ऐकू येतं.

म्हणून हे पत्र. माझा प्रश्न इतकाच, की मी 'नको' म्हटलं हे तुला कळलं असतं, तर तू थांबला असतास का? नसतास, तर हे पत्र फाडून टाक. मी तंजावरला होय कळवीन आणि मनात अढी न ठेवता नांदेन, कारण तो माणूस खरंच चांगला आहे. पण थांबला असतास, तर उत्तर लिहू नकोस, स्वतः ये. आपल्या दोघांमध्ये शब्द पाठवून पाहिला, तो पोचला नाही. मासी लागेपर्यंत मी अप्पांना काही सांगणार नाही. तू ये, आणि अंगणात उभा राहून तेच पुन्हा विचार. या वेळी मी 'जाऊ नको' म्हणेन, स्वच्छ तुझ्या मराठीत. आणि तेही तुला नीट ऐकू आलं नाही, तर हात धरून ठेवीन.

तुझीच,
पंकजा