शिडाचं कापड यापुढे कोणी निवडावं

मी, गुलाम नबी वल्द शेख चांद, वय अडुसष्ट, धंदा कापडविक्री व शिलाई, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, कोणाच्याही दबावाखाली न येता करीत आहे. माझ्यावर दबाव टाकू शकेल अशी एकच व्यक्ती, म्हणजे बायको जैबुनबी, आज माहेरी नेरला गेली आहे. दिवस त्यासाठीच निवडला.

कलम १. घर, दुकान व ठेव यांचे तीन भाग करून दोन भाग शरियतप्रमाणे जैबुनबी व मुलगा मन्सूर यांना जावेत. मन्सूर गुणी आहे, पण कापड रंगावरून निवडतो. गिऱ्हाइकाशी त्याने गोड बोलावे, ताग्याला हात लावू नये.

कलम २. उरलेल्या भागातून शिलाई मशीन, मोठी कात्री आणि नावेच्या शिडांचे सगळे काम सून गुलनार हिला देतो. सून वारसात मोडत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. गुलनार ताग्याचा कोपरा आधी पाण्यात चोळते, वाळवते, मग उन्हात धरून विणीतून उजेड किती येतो ते बघते. शेवटी तिरपे ओढते, कारण सरळ ओढले तर कोणतेही कापड टिकते. हे मी तिला शिकवलेले नाही. मलाच आधी येत असते, तर कलम चार लिहावे लागले नसते.

कलम ३. शेजारचा शिंपी जब्बार याला माझी इस्त्री देतो. नऊ वर्षांपूर्वी त्याने ती एका दिवसासाठी नेली आहे. आता तरी त्याने ती चोरून वापरू नये.

कलम ४. पैनगंगेवरचा नावाडी बापूजी याच्याबद्दल. दिवाळीनंतर पूर्वेचा वारा सुटला की भरलेली नाव प्रवाहाविरुद्ध वर आणायला त्याला शीड लागते. १९५७ साली त्याने हातमागाचे जाड कापड मागितले. ते पाणी पिऊन जड होईल, असे सांगून मी गिरणीचा मांजरपाट त्याच्या गळ्यात मारला. तोंड लावून फुंकर घालून पाहिली होती, श्वास आरपार जाईना, म्हणून मी खूश. ती सगळी करामत गिरणीत कापडाला लावलेल्या खळीची होती. अवकाळी पाऊस आला, खळ धुऊन गेली आणि शिडाची मच्छरदाणी झाली. नाव मागे वाहत जाऊन खडकावर आदळली. माणसे वाचली, कापूस भिजला. बापूजी प्यालेला होता, असे लोक म्हणाले. ज्या माणसाने आयुष्यात ताडीचा थेंब चाखला नाही, त्याच्या नावेत दोन वर्षे कोणी बसले नाही आणि मी दुकानात गप्प बसून राहिलो. याची मला फार लाज वाटते. माझ्या मृत्यूनंतर हे कलम घाटावर मोठ्याने वाचावे. मेल्यावर लोकांची तोंडे बघावी लागत नाहीत, हा त्यातला माझा सोयीचा भाग.

कलम ५. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला. साक्षीला बोलावलेला बापूजी म्हणाला, "चौथं कलम खोड. मले तवाच समजलं होतं. शीड पिळलं तं पाणी दुधावानी निंघालं."

मग सांगितलं काहून नाही, असे मी विचारले.

"मन्सूरचं लगन तोंडावर होतं. दुकानाचं नाव गेलं असतं तं ही पोरगी तुह्या घरात आली असती काय? आता तिच्याच धंद्यावर कायले पाणी टाकून राह्यला?"

दुकानाच्या नावाचे जे होईल ते गुलनारलाच सोसायचे, म्हणून तिलाच बोलावून कलम वाचून दाखवले. तिने बापूजीला खाली वाकून सलाम केला. मग मला म्हणाली, "अब्बा, खोडू नका. पण तुम्ही मरायची वाट कायले पाहायची? बापूजी आज आहेत ऐकायले. येत्या बाजारी तुम्हीच वाचा."

सबब कलम चार मृत्यूनंतर नव्हे, येत्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, दिनांक १४ रोजी, पैनगंगेच्या घाटावर, माझ्या तोंडून अमलात येईल. बाकीच्या कलमांना घाई नाही.

ठिकाण : आर्णी
दिनांक : १२ नोव्हेंबर १९६६

सही : गुलाम नबी शेख चांद

साक्षीदार :
१. घनश्याम, अर्जनवीस (सही)
२. बापूजी, नावाडी (डाव्या हाताचा अंगठा. कलम चार खोडले नाही, म्हणून अर्धा तास रुसून मग लावला. सोमवारी मला घाटावर न्यायला स्वतः येणार आहे.)